कुररांचे घरटे आणि पहिला घास

पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी सरोवती नावाच्या नगरीत धृतिषेण राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या दरबारी अमात्य होऊन राहिला होता. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल. राजा आणि तो एकाच गुरूच्या घरी शिकलेले, त्यामुळे चारचौघांत ‘महाराज’ आणि ‘अमात्य’ असे चालले तरी एकांतात राजा त्याला अरेतुरे करी, आणि सोमिलाला ते आवडे.

नगरीला लागून मोठे सरोवर होते. त्याच्या मधोमध एक खडकाळ बेट आणि बेटावर एक वाळलेला देवदार. त्या देवदाराच्या शेंड्यावर कुररांचे घरटे होते. कुरर म्हणजे केवळ माशांवर जगणारा मोठा शिकारी पक्षी. त्याचे पोट पांढरेशुभ्र, डोळ्यांवरून काळी पट्टी, आणि पंजे असे की बुळबुळीत मासाही एकदा त्यांत सापडला की सुटत नाही. हे जोडपे दर वसंतात परत येई आणि जुन्या घरट्यावरच नव्या काटक्या रचे. वर्षानुवर्षे वाढत जाऊन ते घरटे एवढे झाले होते की त्यात दोन माणसे मांडी घालून बसली असती. हे घरटे आहे तोवर राजकुळ आहे, अशी सरोवतीच्या लोकांची श्रद्धा होती. वीण चालू असताना बेटावर कोणी पाऊल ठेवीत नसे. राजाच्या ध्वजावरही कुररच होता. मात्र त्या ध्वजाला रोज हात जोडणाऱ्यांपैकी किती जणांनी खरा कुरर डोळे भरून पाहिला होता, हे विचारू नये. पूजेच्या गोष्टींचे असे होतेच.

राजाला दोन मुलगे होते. थोरला भद्रसेन आणि धाकटा नंदक. नंदकाच्या जन्मावेळी राणी गेली. तिचे डोळे आणि तिचे हसणे नंदकाने जसेच्या तसे उचलले होते. त्या राजकुळात एक जुनी रीत होती. सायंकाळी जेवायला बसले की राजा आपल्या ताटातला पहिला घास स्वतःच्या हाताने मुलाला भरवी आणि मगच सगळे जेवू लागत. राणी गेल्यापासून तो घास नंदकाला जात होता. तान्हे आईवेगळे पोर म्हणून ते सुरू झाले, आणि पोराला मिसरूड फुटले तरी बदलले नाही. यात काही अन्याय आहे असे कोणाच्याही मनात आले नाही. भद्रसेनाला घोडे होते, शस्त्रे होती, राज्यही पुढे त्याचेच होते. थोरल्याला काय कमी, असे सगळे म्हणत.

पण भद्रसेनाचा स्वभाव दिवसेंदिवस कडवट होत गेला. तो नंदकाला टाकून बोले, त्याच्या चुका चारचौघांत काढी. आणि त्या वर्षी वसंतोत्सवात, दोघे भाऊ एकाच नावेत वल्ही मारीत असताना, काठावरून राजाने नंदकाच्या नावाने शाबासकी दिली, तेव्हा भद्रसेनाने हातातले वल्हे उचलून धाकट्या भावाच्या दंडावर मारले. हाड मोडले. हजारो लोकांनी ते पाहिले.

त्या राज्यात नियम असा होता की जो आपल्या रक्तावर हात उचलील त्याचे मुंडण करून त्याला डोंगरांपलीकडे सोडून यावे, आणि त्याने पुन्हा परत येऊ नये. डोंगरांपलीकडे बर्फ होते आणि लुटारू होते. तिकडे गेलेल्या माणसाची खबर आजवर आलेली नव्हती. राजाने भद्रसेनाला वाड्यातच पहाऱ्यात ठेवले आणि पौर्णिमेला निवाडा सांगेन असे जाहीर केले. निवाडा काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होते.

राजा सरोवरावरच्या सज्जात जाऊन बसू लागला. जेवणखाण सुटले होते. एके सकाळी सोमिल त्याच्याजवळ गेला तेव्हा राजाची नजर बेटावरच्या घरट्याकडे लागली होती. घरट्यात दोन पिल्ले होती. थोरले अंगाने भरलेले, धाकटे किडकिडीत. आणि थोरले धाकट्याला मारीत होते. ते धाकट्याच्या डोक्यावर चोच हाणी, थांबे, पुन्हा हाणी. धाकटे मान खाली घालून घरट्याच्या कडेला अंग चोरून पडले होते. एवढ्या अंतरावरूनही त्याच्या डोक्यावरची उडालेली लव दिसत होती.

राजाने धनुर्धराला बोलावले आणि त्या थोरल्या पिल्लाला टिपायला सांगितले. वीण चालू असताना, राजकुळाच्या पक्ष्यावर, खुद्द राजाच्या आज्ञेने बाण. धनुर्धराने बाण काढला नाही. त्याने सोमिलाकडे पाहिले.

सोमिलाला कळले की राजा पक्ष्याचा निवाडा करीत नाही आहे. आज हा बाण सुटला तर पौर्णिमेला दुसराही सुटणार.

“महाराज,” तो म्हणाला, “बाण काय, उद्याही सुटेल. पण सुटलेला परत येणार नाही. पौर्णिमेपर्यंत आपण दोघं इथं बसून हे घरटं पाहू या.”

“पाहायचं काय राहिलंय? दिसतंय ते.”

“दिसतंय ते एवढंच, की तो मारतोय. का मारतोय ते अजून दिसलेलं नाही.”

राजाने पुन्हा घरट्याकडे पाहिले. मग त्याने धनुर्धराला जायला सांगितले. पण त्याने अटही घातली. घरट्याला कोणी हात लावायचा नाही, पिल्लांना कोणी काही टाकायचे नाही. पौर्णिमेपूर्वी धाकटे पिल्लू मेले, तर सोमिलाने भद्रसेनासाठी पुन्हा तोंड उघडायचे नाही. सोमिलाने ते मान्य केले. पण धाकट्याचे लक्षण काही ठीक नव्हते, हे त्यालाही दिसत होते.

मग राजा आणि अमात्य सज्जात बसून राहू लागले. राज्यकारभार करणारी दोन माणसे सकाळपासून दिवे लागेपर्यंत एका झाडाकडे पाहत बसली आहेत, हे पाहून दरबारी मंडळी गालातल्या गालात हसत. पण जो खरोखर पाहत बसतो त्याला हळूहळू दिसू लागते.

पहिल्यांदा त्यांना नराची झेप दिसली. आकाशात तो एका जागी पंख फडफडवीत थांबला, खाली पाहिले, आणि मग पंख मिटून दगडासारखा पडला. पाण्याला लागण्याआधी क्षणभर त्याने पाय पुढे काढले. पाणी उसळले, तो दिसेनासा झाला, आणि राजा नकळत उभा राहिला. पुढच्या क्षणी कुरर पाण्यातून वर येत होता, ओल्या पंखांचे ओझे उचलत, पंजात मासा धरून, आणि अंगावरचे पाणी झाडताना त्याच्याभोवती उन्हाचे तुषार उडत होते. राजाचा जन्म त्या सरोवरावर गेला होता आणि हे त्याने कधी पाहिले नव्हते. त्याचे डोळे भरून आले, कशाने ते त्याला सांगता आले नसते.

नर मासा आणी तेव्हा माशाचे डोके आधीच खाल्लेले असे. पहिल्या दिवशी राजा कडवटपणे म्हणाला की बापसुद्धा आधी आपले पोट पाहतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आले की नर तेवढेच खातो. उरलेला सगळा मासा मादीच्या स्वाधीन करून तो पुन्हा पाण्यावर जातो. मादी त्याचे बारीक बारीक तुकडे करून पिल्लांना भरवी. ज्या चोचीने ती माशाचा कणा तोडी त्याच चोचीने ती इवलासा तुकडा पिल्लाच्या तोंडात अगदी हळुवारपणे ठेवी.

एक दिवस दुपारी गारा पडल्या. मादीने पंख पसरून घरटे झाकले आणि गारांचा मारा पाठीवर घेत ती हलली नाही. गारा थांबल्यावर तिने पंख उचलले तेव्हा दोन्ही पिल्ले एकमेकांना बिलगून बसली होती, आणि थोरल्याची मान धाकट्याच्या पाठीवर होती. राजा म्हणाला, “हाच का तो, सकाळी मारत होता तो?” सोमिल म्हणाला, तोच.

तेव्हापासून सोमिल एकच गोष्ट पाहू लागला. थोरले पिल्लू कधी मारते आणि कधी मारीत नाही. आणि त्याला दिसले ते असे. नर वेळेवर आला आणि मासा मोठा असला तर थोरले पोटभर खाऊन तोंड फिरवी, मग धाकट्यालाही मिळे, आणि घरट्यात शांतता राही. नराला उशीर झाला की थोरले अस्वस्थ होई, आणि फार उशीर झाला की चोच उचले. स्वभावाने दुष्ट असते तर त्याने भरल्या पोटीही मारले असते. ते उपाशी होते, आणि जे आले ते आपल्याला पुरणार नाही या भीतीने ते मारीत होते.

पण नराला उशीर का होत होता? तो दिवसेंदिवस जास्तच रिकाम्या पंजांनी परतू लागला. मादी त्याच्यावर कर्कश ओरडे, एकदा तर तिने त्याला घरट्यावर उतरू दिले नाही. तो जवळच्या फांदीवर मान पाडून बसून राहिला. धाकटे पिल्लू आता मार खातानाही हलत नव्हते. पौर्णिमा जवळ आली होती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे सोमिलाच्या मनात आले, आणि त्याने घरट्यावरची नजर काढून पाण्यावर लावली.

कुरराला खोल पाण्यातला मासा धरता येत नाही. त्याला उथळ पाणी लागते. सरोवरात उथळ पाणी उत्तरेच्या काठाशी होते आणि वसंतात मासे अंडी घालायला तिथेच येत. नर तिथेच घिरट्या घालीत होता. तो झेप घेई आणि पाण्यापर्यंत येऊन अर्ध्यातून वळे. एकदा तो वळला नाही. पाणी उसळले, पण तो वर येईना. पंख पाण्यावर आपटत राहिले.

त्या दिवशी राजा दरबाराच्या कामात अडकला होता; सोमिल एकटाच सज्जाच्या पायऱ्या उतरून धावत सुटला. काठावर धीवरांचा, म्हणजे कोळ्यांचा, नायक गोधक होता, त्याच्या नावेत तो चढला. जवळ जाऊन पाहतो तर उथळ पाण्यात सगळीकडे खुंट ठोकलेले, खुंटांना पाण्याखाली जाळी बांधलेली, आणि त्या जाळ्यात कुरराचा पंजा अडकलेला.

ती जाळी कोणाची हे सोमिलाला विचारावे लागले नाही. उत्तरेच्या उथळ पाण्यातली मासेमारी राजाने त्याला वृत्ती म्हणून दिलेली होती. त्या उत्पन्नावर तो नगरीत मोठी दानशाळा चालवीत असे. त्या दानशाळेमुळे लोक त्याला पुण्यवान म्हणत, आणि खरे सांगायचे तर ते ऐकायला त्याला बरेही वाटे. यंदा याचक वाढले होते. जाळी वाढवा, असे त्यानेच गोधकाला सांगितले होते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ शोधायला तो इतके दिवस सज्जात बसला होता.

त्याने गोधकाचा कोयता घेतला आणि जाळे कापले. भिजलेला कुरर खुंटावर चढून बसला. त्याने आपल्या पिवळ्या डोळ्यांनी सोमिलाकडे एकदा पाहिले. त्या डोळ्यांत ना आभार होते ना राग. मग तो उडून गेला.

“सगळी जाळी काढ,” सोमिल गोधकाला म्हणाला. “खुंटसुद्धा.”

गोधक गोंधळला. उद्या दानशाळेत माणसे येतील त्यांच्या पानात काय वाढायचे, असे त्याने विचारले. धीवरांनी काय करायचे तेही विचारले. प्रश्न खरे होते. सोमिलाने सांगितले की धीवरांना मासे खोल पाण्यात मिळतील, मेहनत जास्त पडेल, तिचे मोल तो देईल. दानशाळेसाठी त्याने आपले घोडे आणि राहते घर विकायला काढले.

“अमात्य, एका पाखरापायी?” गोधक म्हणाला.

“गोधका, मी एका हातानं वाढत होतो आणि दुसऱ्या हातानं ताट ओढत होतो. आता कळल्यावर ती जाळी कशी ठेवू?”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खुंट निघाले. दुसऱ्या सकाळी नर उथळ पाण्यावर आला, थांबला आणि पडला, आणि पंजात जेमतेम मावेल एवढा मासा घेऊन वर आला. मादीने फाडायला सुरुवात केली. थोरले खात गेले, खात गेले, आणि शेवटी तोंड फिरवून बसले. मादीने तुकडा धाकट्यापुढे धरला. ते हलले नाही. तिने तो त्याच्या चोचीला लावला. सज्जात राजाने सोमिलाचे मनगट घट्ट धरले होते. मग त्या किडकिडीत मानेत हालचाल झाली आणि तुकडा आत गेला. नर लगोलग दुसरा मासा घेऊन आला. त्यानंतर घरट्यात चोच उगारली गेली नाही. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दोन्ही पिल्ले शेजारी बसून एकमेकांची पिसे विंचरीत होती. राजाला आपण कुठल्या तरी मोठ्या गूढाच्या उंबऱ्यावर बसलो आहोत असे वाटू लागले.

“तू काय केलंस?” त्याने सोमिलाला विचारले. “मंत्र घातलास? हात लावायचा नाही असं ठरलं होतं.”

“हात लावला नाही, महाराज. उथळ पाण्यात माझी जाळी होती, ती काढली.”

 राजाने पाण्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, “तुझी जाळी होती. माझं काय आहे, सोमिला?”

सोमिलाला ठाऊक होते. बालमित्र म्हणून तो त्या पंक्तीला अनेकदा जेवला होता. पण सांगून कळलेले माणूस विसरते, म्हणून तो एवढेच म्हणाला, “आज संध्याकाळी दोन्ही मुलांना घेऊन जेवायला बसा.”

निवाड्यापूर्वीचे ते शेवटचे जेवण, म्हणून पहारेकऱ्यांनी भद्रसेनाला आणले. तो आपल्या नेहमीच्या पाटावर बसला. नंदक त्याच्यासमोर बसला, उजवा हात झोळीत बांधलेला. सोमिल दाराशी उभा राहिला. राजाने भात कालवला आणि पहिला घास उचलला. नंदकाने सवयीने तोंड पुढे केले. राजाचा हात सवयीनेच तिकडे वळला आणि वाटेत थांबला.

त्याने भद्रसेनाकडे पाहिले. भद्रसेन घासाकडे पाहत नव्हता. त्याने मान खाली घातली होती आणि अंग चोरून तो ताटाच्या कडेकडे बघत बसला होता. इतक्या वर्षांत, घास कोणीकडे जातो ते न पाहण्याची त्याला सवय झाली होती. ती खाली घातलेली मान राजाने गेले कित्येक दिवस सज्जातून पाहिली होती. त्याला वाटत होते की त्या घरट्यात नंदक हेच धाकटे पिल्लू आहे. आता त्याला दिसले की उपाशी पिल्लू दुसऱ्याच पाटावर बसले होते, आणि त्या पिल्लाच्या पाण्यात जाळे राजाने स्वतःच, प्रेमाने, लावले होते.

राजाने घास भद्रसेनापुढे नेला. भद्रसेनाने वर पाहिले. घास आपल्यासाठी आहे हे त्याला कळले नाही. कोणीतरी आपल्या मागे बसले आहे असे वाटून त्याने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. राजाचा हात तसाच पुढे होता.

“दादा,” नंदक म्हणाला, “तोंड उघड ना. तुझ्यासाठी आहे.”

भद्रसेनाने तोंड उघडले. घास आत गेला, पण त्याला तो गिळता येईना. तो तोंडात घास धरून लहान मुलासारखा रडू लागला, आणि राजाही रडला. दाराशी उभ्या असलेल्या सोमिलाने तोंड फिरवले, कारण काही गोष्टी पाहायच्या नसतात.

पौर्णिमेला राजाने भरल्या सभेत निवाडा सांगितला. अपराध घडला हे खरे, असे तो म्हणाला, पण त्याच्या मुळाशी मी आहे, आणि नियमाने पाठवायचेच तर डोंगरांपलीकडे आधी मला पाठवावे. सभेत कोणी तसे म्हटले नाही. भद्रसेनाला शिक्षा झाली ती अशी की नंदकाचा हात बरा होईपर्यंत त्याने त्याला आपल्या हाताने भरवायचे. ती शिक्षा त्याने हात बरा झाल्यावरही कितीतरी दिवस भोगली. शरद ऋतूत कुररांची दोन्ही पिल्ले उडाली, तेव्हा राजा, त्याचे दोन्ही मुलगे आणि राहते घर विकलेला अमात्य सज्जात उभे राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होते.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली. तिथे दोन सख्खे भाऊ भिक्षू होते. थोरल्याने रागाच्या भरात धाकट्याचे भिक्षापात्र आपटून फोडले, आणि विहाराचे स्थविर त्याला संघातून काढून टाकण्याची मागणी घेऊन आले होते. शास्त्यांनी त्यांना इतकेच विचारले की धर्म शिकवायला आपण रोज कोणाला जवळ बसवता. धाकट्याला, तो गोड आहे, असे स्थविर सहज म्हणाले, आणि थोरला कुठे बसतो ते मात्र त्यांना आठवेना. तेव्हा शास्त्यांनी हा पूर्वजन्म उलगडला आणि शेवटी ओळख पटवली.

“त्या वेळचा भद्रसेन म्हणजे हा पात्र फोडणारा भिक्षू. नंदक म्हणजे याचा हा भाऊ. धृतिषेण राजा म्हणजे, स्थविर, तुम्हीच. आणि ज्याने आपली जाळी काढली तो सोमिल अमात्य म्हणजे मी. भिक्षूंनो, कोणाची चोच उगारलेली दिसली तर तिच्यामागची भूक शोधायला निघा, आणि वाटेत आपलेच जाळे पायात आले तर ते आधी काढा. यालाच करुणा म्हणतात.”

स्थविर उठले. ते सभेच्या अगदी शेवटी, दाराजवळ बसलेल्या थोरल्या भिक्षूपाशी गेले आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसले.